लोझानामावशी आणि बाटलीवरचं नाव

लोझाना पानोवाचा जन्म अफूच्या शेतात व्हायचा, तो थोडक्यात चुकला. जून महिना होता, एकोणपन्नास साल. तिची आई स्तोया पहाटे बोंडांवरचा चीक खरवडायला गेली होती. कळा सुरू झाल्या तशी ती घराकडे निघाली, पण बांध ओलांडून शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यापर्यंतच पोचली. लोझा म्हणजे द्राक्षवेल; वेलीखाली जन्मली म्हणून मुलीचं नाव लोझाना.

"चार पावलं अलीकडे झाले असते तर माझं नाव आफ्योना ठेवलं असतं," लोझानामावशी सांगायची, "आणि मग परदेशात कुठल्या म्हाताऱ्याने मला घरात घेतलं असतं?"

ग्रीसच्या उत्तरेला, आमच्या तिकवेशच्या पट्ट्यात अफूला आफ्योन म्हणतात. झाडालाही तेच, पावावर पेरतात त्या दाण्यांनाही तेच, आणि बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक पाझरतो त्यालाही तेच. दाण्यांचं तेल काढायचं, पेंड गुरांना घालायची, आणि चीक डब्यात भरून सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचा. माझ्या लहानपणापर्यंत हे चाललं, मग सरकारने चिरा देणं बंद केलं. मी इथेच, नेगोतिनो गावात औषधाचं दुकान चालवते. माझं नाव नेवेना. मावशी माझी रक्ताची कोणी नव्हे, आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची, एवढंच.

लहानपणची एक गोष्ट तिने मला फार उशिरा सांगितली. ती आठ वर्षांची असताना तिचा भाऊ मीतो सहा महिन्यांचा होता. शेतात कामाची घाई असली की बायका बोंड उकळून त्याचं चमचाभर पाणी तान्ह्या पोरांना पाजायच्या, म्हणजे ती निजून राहायची. आई शेतात जाताना म्हणाली, अर्धं बोंड उकळ. लोझानाला वाटलं, पोरगं फार रडतंय, तर दोन उकळावी. मीतो झोपला तो दुपारी उठला नाही, रात्री उठला नाही. आई आणि आजी त्याला आळीपाळीने खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिल्या, तळपायांवर गार पाणी मारत राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो टाहो फोडून रडला, तशी आई जमिनीवर बसली आणि हसत सुटली. लोझानाला वाटलं, आता मार पडणार. आई एवढंच म्हणाली, "परत कधी मला विचारल्याशिवाय मोजायचं नाही."

लग्न झालं, नवरा बाटल्यांच्या कारखान्यात होता, ती तिथेच पॅकिंगला लागली. नवरा हृदयाच्या झटक्याने लवकर गेला. देश तुटला, कारखान्याला कुलूप लागलं, आणि मुलगी वेस्ना राजधानीत, स्कोप्येत शिकत होती. शहाण्णव साली मावशी ग्रीसमधल्या सोलुनला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली. गेली तेव्हा ग्रीकमधलं 'नमस्कार' आणि 'किती वाजले' एवढंच येत होतं.

तिथं तिच्याकडे एव्दोक्सिया नावाची शिवणकाम करणारी बाई होती. पोटात गाठ. डॉक्टरने दुखण्यावर जे लिहून दिलं त्याचं ग्रीक नाव ऐकून बाईचा मुलगा घाबरला, कारण त्या शब्दाचा अर्थ बधिर करणारं, आणि टीव्हीवर पोलीस पकडतात त्या मालालाही तोच शब्द. बाईने मावशीला जवळ बोलावलं.

"तुझ्या गावाला ह्याला काय म्हणतात गं?"

"आफ्योन."

"मग आमच्या आईकडेही आफ्योनीच म्हणायचे! हा डॉक्टर कुठल्या गावचा आहे?" आणि तिने चमचा तोंडात घेतला.

पुढे स्लोव्हेनियात, मारिबोरला, योझिका नावाची निवृत्त पोस्टमन बाई मिळाली. तिकडच्या शब्दाचा अर्थ भुरळ घालणारं. योझिका म्हणाली, "चाळीस वर्षांत मला कोणी भुरळ घातलेली नाही. आण इकडे." ही गोष्ट सांगताना मावशी दर वेळी डोळे पुसायची, हसून की कशाने ते कळायचं नाही.

मग ऑस्ट्रिया. ग्रात्स शहरात पिखलर नावाचे रेल्वेचे सिग्नलवाले होते, बायको नव्हती, मुलं लांब. हाडांचा कॅन्सर. तिथं अशा औषधाच्या चिठ्ठीवर कायद्याचा शब्द असतो, त्याचा सरळ अर्थ होतो व्यसनाचं विष. पिखलरनी चष्मा लावून तो शब्द वाचला आणि कागद घडी करून टेबलावर ठेवला. "पन्नास वर्षं कर भरला," ते म्हणाले, "आणि आता सरकार मला विष पाठवतं." त्यांनी ते घेतलं नाही. तीन आठवडे ते पलंगाची कड धरून होते. मावशी त्यांचं अंग पुसायची, सूप भरवायची आणि गप्प राहायची.

"मला तेव्हा भांडण्याइतकी जर्मन येत नव्हती," ती मला म्हणाली. "बाजारातली येत होती. दूध, बटाटे, शेजारणीची चौकशी. भांडायला फार शब्द लागतात गं नेवेना."

ते गेल्यानंतर तिने रात्रशाळेत नाव घातलं आणि जर्मन शिकली, पन्नाशी उलटल्यावर. पुढे आणखी सात-आठ म्हातारे तिच्या हातावर गेले. त्यांच्याशी ती भांडली की नाही ते तिने कधी सांगितलं नाही.

दोन हजार नऊमध्ये गुडघे गेले म्हणून ती परत आली. महिनाभर घरात बसली, मग एका सकाळी माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. "गावात कोणी मरायला टेकलं असेल तर सांग," म्हणाली. गिऱ्हाइकं दचकली. पण गावात तेव्हा घरी येऊन बघणारी नर्स एकच होती आणि तिच्याकडे अकरा खेडी. दोन महिन्यांत लोक डॉक्टरच्या आधी मावशीला बोलवायला लागले.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्लिगोरकाकांचं दुखणं समजलं. ग्लिगोर दिमोव म्हणजे एकेकाळी आमच्याकडचा वजनदार माणूस, अगदी अक्षरशः. बावीस वर्षं ते अफूच्या खरेदी केंद्रावर काट्याशी उभे असत. कुठल्या बाईचा चीक ओला आहे, कोणी पीठ मिसळलंय, कोणाचा पहिल्या प्रतीचा, हे ते बोटावर घेऊन, जिभेला लावून सांगायचे. आता शहात्तर वर्षांचे झाले होते, स्वादुपिंडाचा कॅन्सर पाठीपर्यंत पोचला होता. स्कोप्येच्या दवाखान्याने घरी पाठवलं.

आमचे डॉक्टर विक्टोर तरुण, नुकतेच आलेले. त्यांनी मॉर्फिनचं द्रावण लिहून दिलं. काकांनी विचारलं, हे काय? डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. "त्या झाडाचा थेंब माझ्या तोंडात जाणार नाही. निघा."

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांचा एकुलता मुलगा सांदे स्कोप्येला शिकायला गेला, शिक्षण सोडून टॅक्सी चालवायला लागला, आणि शहाण्णव साली भाड्याच्या खोलीत मेलेला सापडला. अठ्ठावीस वर्षांचा. हातात सुई होती. त्यानंतर त्या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. दाफिनाकाकूने त्याचे फोटो पेटीत ठेवले, पेटी माळ्यावर गेली. चौदा वर्षं झाली होती.

दाफिनाकाकू माझ्याकडे आली. ओट्याला धरून उभी राहिली. "नेवेना, तो उशी चावतो. आवाज येऊ नये म्हणून. मी काय करू सांग." मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बाटलीवरची चिठ्ठी काढून टाका ना. दुसरं काहीतरी लिहा. त्यांना आराम पडणं महत्त्वाचं." मला तेच हवं होतं. मी बाटली गरम पाण्यात धरली, चिठ्ठी सोलली आणि माझ्या अक्षरात दुसरी लावली: पोटासाठी थेंब. दाफिनाकाकूने माझा हात धरून चुंबला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी बाटली दिली.

तिसऱ्या दिवशी दुकान भरलेलं असताना लोझानामावशी काकांच्या घरून थेट आत आली आणि बाटली ओट्यावर आपटली.

"हे कोणाचं अक्षर?"

"माझं."

"काय आहे ह्यात?"

"मावशी, आत ये, बोलू."

"आत कशाला? इथे चिठ्ठी लावताना लाज वाटली नाही, मग बोलताना कशाला वाटते? मी थेंब जिभेवर घेतलाय. माझ्या पोटात ते माझ्या दातांच्या आधी गेलंय, मला काय ओळखू यायचं नाही?"

गिऱ्हाइकं हळूहळू बाहेर सरकली. मी दार लोटून घेतलं. मला रागही आला होता.

"त्यांना झोप लागली की नाही?" मी म्हटलं.

"लागली. दोन रात्री."

"मग? काय बिघडलं? शब्दापायी माणसाने तळमळत मरावं का?"

"आणि उद्या कळलं म्हणजे? तो काटेवाला आहे, बावीस वर्षं त्याने ह्याच चिकाची चव घेतली. तुझ्या चिठ्ठीने तो किती दिवस फसेल? कळलं की दाफिनाच्या हातचं पाणी पिणार नाही. शेवटचे चार दिवस घरात एकटा पडेल."

"मग काय, विव्हळू द्यायचं?"

"नाही. भांडायचं," मावशी म्हणाली. "चल. चिठ्ठी तू लावलीस, तू चल."

आम्ही गेलो. काका अंगणाकडच्या खोलीत होते, खिडकीबाहेर द्राक्षांचा मांडव. दोन रात्रींच्या झोपेने चेहऱ्यावर थोडं पाणी आलं होतं. मावशीने खुर्ची ओढली, बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं: हे पोटाचे थेंब नव्हेत, हे तेच आहे, तुम्ही परवापासून घेताय, झोप त्यानेच लागली, आणि चिठ्ठी हिने बदलली.

काकांनी माझ्याकडे बघायला पाहिजे होतं. ते दाफिनाकाकूकडे बघत राहिले. ती दारात हातात टॉवेल घेऊन उभी होती.

"तुला माहीत होतं?"

ती टॉवेलची घडी घालू लागली.

"बाहेर व्हा," काका म्हणाले. "तिघी."

पुढचे दोन दिवस मावशीने म्हटलं होतं तसंच झालं. काकांनी दाफिनाकाकूच्या हातचं काही घेतलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला खिडकीतून हाक मारून पाणी मागायचे. दाफिनाकाकू ओसरीवर मिरच्या सोलत बसायची, त्या कोणासाठी सोलत होती देव जाणे. मी मावशीला म्हटलं, बघ, हे तुझ्यामुळे. ती म्हणाली, "माझ्यामुळेच." आणि गुडघ्याला पट्टा बांधत राहिली. तिचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं होतं ती उलट बोलेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा म्हातारा दुकानात आला. "ग्लिगोर बोलावतोय. म्हणतो, ती स्तोयाची पोर कुठाय? भांडायला आली आणि भांडण अर्धं टाकून गेली. तुलाही बोलावलंय."

मी नवी बाटली घेतली, तिच्या मूळ चिठ्ठीसकट, आणि पिशवीत घातली.

काका उशांना टेकून बसले होते. ओठ फाटलेले, कपाळावर घाम. दाफिनाकाकू शेजारच्या स्वयंपाकघरात चुलीशी होती, मधलं दार उघडं.

"किती देश हिंडलीस तू?" काकांनी मावशीला विचारलं.

"तीन."

"तिथं काय म्हणतात ह्याला?"

मावशीने सांगितलं. ग्रीकांचं बधिर करणारं, स्लोव्हेन लोकांचं भुरळ घालणारं, ऑस्ट्रियावाल्यांचं व्यसनाचं विष.

"ऑस्ट्रियावाले बरोबर बोलतात."

"बोलत असतील. त्या शब्दाला भिऊन एक माणूस माझ्यासमोर तीन आठवडे तळमळत गेला. भला माणूस होता, रेल्वेतला. मी त्याच्याशी भांडले नाही, मला भाषा येत नव्हती. तुमची भाषा मला येते, ग्लिगोरकाका."

काकांना हसू आलं आणि कळही आली. त्यांनी कुशी दाबून धरली. मावशीने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"तुझी आई फार खोल कापायची," ते मग म्हणाले. "चिकात सालं यायची. एकदा तिचा अख्खा डबा परत पाठवला होता मी."

"माहीत आहे. मी होते तिथं, दहा वर्षांची. तुम्ही बोट बुडवलंत, जिभेला लावलंत आणि म्हणालात, 'बाई, हा चीक आहे की कोशिंबीर?' सगळी रांग हसली. आई घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही."

"असं बोललो मी?"

"बोललात."

"वाईट बोललो."

"बोललात खरे. पण ती कापायचीही खोल."

दोघं हसले. मग मावशी पुढे वाकली. "बावीस वर्षं जिभेवर घेतलंत, काका. जूनमध्ये दिवसाला शंभर बायकांचं. संध्याकाळी घरी येऊन घेवडा खायचात आणि झोपायचात. तेव्हा ते विष नव्हतं?"

"तेव्हा मला वाटायचं ते औषधाला जातं. सरकार तसंच सांगायचं. मी म्हणायचो, माझ्या काट्यावरून गेलेला माल कुठेतरी कोणाचं तरी दुखणं थांबवतोय." त्यांनी ओठ पुसले. "सांदे गेला तेव्हा मी स्कोप्येला गेलो. पोलिसाने कागद दिला सहीला. त्यावर लिहिलं होतं, ओपिएट. मी विचारलं, हे काय असतं? तो पोलीस सांदेपेक्षाही लहान होता. म्हणाला, काका, आपलं आफ्योनच, पण शहरातलं. मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्या शब्दात आपलंच झाड आहे हे मला त्या पोराने सांगितलं."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. दाफिनाकाकू दारात आली. चौदा वर्षांनी त्या घरात ते नाव कोणी उच्चारलं होतं.

"सांदे," काका तिच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, जणू पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल.

ती आत आली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसली.

काकांनी मावशीला विचारलं, "आता तू मला सांगणार, ते वेगळं होतं आणि हे वेगळं. सांगून टाक."

मी मनात म्हटलं, सांग बाई, हो म्हण. एवढं एक खोटं बोल.

"नाही," मावशी म्हणाली. "एकाच झाडाचं आहे."

"मग?"

"मग काही नाही. सांदेला मोजून द्यायला कोणी नव्हतं. तुम्हाला मी मोजून देईन. ह्याहून जास्त मला काही येत नाही."

बाहेर मांडवावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. काकांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपले. मग त्यांनी हात पुढे केला. "चष्मा दे, दाफिना. मोजणार मी. तुम्ही कोणी हात लावायचा नाही."

मी बाटली काढून दिली. त्यांनी चिठ्ठी वाचली, अक्षर न अक्षर.

"नेवेना, काय आहे हे? मोठ्याने सांग."

"मॉर्फिन, काका."

"ते दवाखान्याचं झालं. आपल्यात काय म्हणतात?"

"आफ्योन."

"हां." त्यांनी बिनसुईची पिचकारी बाटलीत घातली. दट्ट्या रेघेवर येईना. दाफिनाकाकूने बाटली खालून धरली. मावशीने नखाने एक रेघ दाखवली, काकांनी तिथपर्यंत ओढलं, उजेडाला धरून बघितलं, एक बुडबुडा होता तो टिचकी मारून काढला, आणि औषध तोंडात घेतलं. जिभेवर जरा वेळ फिरवलं.

"पातळ केलंय," ते म्हणाले. "माझ्या काट्यावर पास झालं नसतं."

त्यानंतर ते पाच आठवडे जगले. मी सांगते त्याहून जास्त चांगले दिवस होते आणि काही फार वाईट दिवसही होते. एकदा माप वाढवायला लागलं तेव्हा ते दोन तास मावशीशी वाद घालत बसले आणि शेवटी डॉक्टर विक्टोरना बोलावून घेऊन त्यांच्याकडून कारण ऐकल्यावरच तयार झाले. डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले. मला म्हणाले, "परीक्षेलाही इतके प्रश्न नव्हते." त्यांनी पुढे कधी कोणाची चिठ्ठी बदलायला सांगितली नाही. मीही बदलली नाही.

माळ्यावरची पेटी खाली आली. ती उतरवायला शेजारचा म्हातारा चढला आणि उतरताना शिडीवरून घसरला, त्याच्या पायालाही मावशीने पट्टा बांधला. सांदेचे फोटो पलंगावर पसरले गेले: शाळेतला, सैन्यातल्या टोपीतला, टॅक्सीला टेकून उभा असलेला. दाफिनाकाकू आणि काका त्याच्याबद्दल भांडायलाही लागले. तो पहिल्यांदा चालला तो ईस्टरला की त्याच्या आधी, यावरून एक पूर्ण सकाळ गेली. मी एकदा औषध द्यायला गेले तेव्हा दोघं रडत होते, मी पिशवी ओसरीवर ठेवून परतले.

काका ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, द्राक्षतोडणीच्या ऐन गर्दीत, भरदुपारी गेले. दाफिनाकाकू त्यांचा हात धरून बसली होती. मावशी मांडवाखाली होती. तिला कोणी हाक मारली नाही, पण ती उठून आत गेली.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे पांगले. दाफिनाकाकूला एवढ्या मोठ्या घरात एकटं राहवेना आणि मावशीच्या खालच्या मजल्याला ओल यायची. एका रविवारी दाफिनाकाकू माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "लोझानाला विचार, हिवाळ्यापुरती येतेस का माझ्याकडे." मी म्हटलं, ती जवळच राहते, तूच विचार की. "मी विचारलं तर ती नाही म्हणेल." मी विचारलं. मावशी म्हणाली, "मी कोणाकडे आश्रित म्हणून जात नाही," आणि त्याच संध्याकाळी दोन पिशव्या आणि ग्रात्सहून आणलेली कॉफीची किटली घेऊन गेली.

तो हिवाळा कधीच संपला. अजून त्या तिथेच आहेत. दाफिनाकाकू भाजीच्या पोळीत मीठ जास्त घालते, मावशी रेडिओ मोठा लावते, आणि दोघींचं पटत नाही असं दोघीही मला वेगवेगळं सांगतात. वेस्ना लेकरांना घेऊन स्कोप्येहून येते, आईला शहरात चल म्हणते, आणि तिला दर वेळी सांगितलं जातं की दाफिनाला एकटं कसं सोडायचं. मावशीचे गुडघे आता पूर्ण गेले आहेत, ती कोणाकडे जात नाही. ज्यांना गरज असते ते तिच्याकडे येतात, बहुतेक त्यांच्या लेकी-सुना, आणि मांडवाखाली बसून कसं मोजायचं ते विचारून जातात.

मी रविवारी कॉफीला जाते. गेल्या रविवारी दाफिनाकाकू सांगत होती, सांदेने सात वर्षांचा असताना पाद्र्याचं गाढव सोडून कसं वार्दार नदीच्या काठापर्यंत नेलं होतं.

"राखाडी गाढव," ती म्हणाली.

"काळं," मावशी म्हणाली. "आणि काठापर्यंत नाही, पुलापर्यंत. तिथं त्याला ग्लिगोरने पकडलं."

"तुला काय माहीत? तू होतीस का तिथं?"

"तूच सांगितलंस. चाळीस वेळा. आता नीट सांग, पुलापर्यंत."

दाफिनाकाकूने कपात आणखी कॉफी ओतली आणि पहिल्यापासून सुरू केलं.